लेखणीकडून मंचाकडे : कॉनन ओब्रायन आणि अमेरिकन दूरचित्रवाणीवरील मध्यरात्रीचा विनोद

विनोदी वाङ्मयाचा अभ्यास करताना आपली दृष्टी साहजिकच ग्रंथाकडे वळते. विनोदी कथा, ललित लेख, प्रहसन, फार तर एकपात्री प्रयोगाची छापील संहिता, एवढ्यावर आपले विवेचन थांबते. जो विनोद सकाळी लिहिला जातो, सायंकाळी उच्चारला जातो आणि दुसऱ्या दिवशी शिळा होतो, त्याच्या लेखकाचे नाव श्रेयनामावलीत क्षणभर सरकते आणि नाहीसे होते. अमेरिकन दूरचित्रवाणीवरील मध्यरात्रीचे कार्यक्रम हे अशा क्षणजीवी लेखनाचे मोठे आणि दीर्घकाळ चाललेले कारखाने होत. त्या कारखान्यात निनावी लेखक म्हणून शिरलेले आणि पुढे त्याच कारखान्याचा चेहरा झालेले एक विनोदकार म्हणजे कॉनन ओब्रायन. त्यांच्या कारकिर्दीच्या आधारे दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. लेखक स्वतः मंचावर आला म्हणजे लेखनात काय पालट होतो, हा पहिला. आणि रोज निर्माण होणाऱ्या या विनोदाची मालकी अखेर कोणाची, हा दुसरा. दुसरा प्रश्न वरवर पाहता केवळ कायद्याचा वाटतो. परंतु तो पहिल्यापासून वेगळा काढता येत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

कार्यक्रमाची घडण

एनबीसी या वाहिनीवर २७ सप्टेंबर १९५४ रोजी स्टीव्ह ॲलन यांच्या सूत्रसंचालनाखाली ‘टुनाइट’ हा कार्यक्रम देशभर सुरू झाला. पुढे जॅक पार आणि त्यांच्यानंतर जॉनी कार्सन यांनी तो चालविला. कार्सन यांनी १ ऑक्टोबर १९६२ पासून २२ मे १९९२ पर्यंत, म्हणजे जवळजवळ तीस वर्षे ही गादी सांभाळली आणि तिला एका राष्ट्रीय संस्थेचे रूप दिले. आरंभी दिवसाच्या घडामोडींवरील उभ्याने केलेले विनोदी निवेदन, ज्याला तेथे मोनोलॉग म्हणतात. त्यानंतर मेजामागे बसून एखादे प्रहसन किंवा गंमत. शेजारी एक सहनिवेदक, बाजूला वाद्यवृंद, मग पाहुण्यांशी गप्पा आणि शेवटी गाणे. हा साचा तेव्हापासून फारसा बदललेला नाही. रात्री अकराला स्थानिक केंद्रांच्या बातम्या, अकरा पस्तीसला ‘टुनाइट’ आणि बारा पस्तीसला त्याच वाहिनीचा दुसरा कार्यक्रम ‘लेट नाइट’, अशी ही उतरंड होती. हे वेळापत्रक वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे २०१० मध्ये सारा कलह अर्ध्या तासावरूनच झाला.

या साच्याला दररोज इंधन लागते. लेखक सकाळी जमतात, वर्तमानपत्रे चाळतात आणि ढिगाने विनोद लिहितात. त्यातले मूठभर निवडले जातात. दुपारी तालीम होते, तीत आणखी काही गळतात, आणि सायंकाळी प्रत्यक्ष प्रेक्षकांसमोर मुद्रण होऊन तोच कार्यक्रम त्या रात्री प्रसारित होतो. दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. नाटककाराला दुसरा प्रयोग मिळतो, कादंबरीकाराला दुसरी आवृत्ती मिळते. येथे लेखकाला दुसरी संधी नाही. या लेखकांमध्ये हुन्नरी कारागिराची शिस्त आढळते, तिचे कारण हेच.

निनावी वर्षे

ओब्रायन यांचा जन्म १८ एप्रिल १९६३ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील ब्रुकलाइन येथे झाला. बॉस्टनला लागून असलेल्या या गावातील त्यांचे घराणे आयरिश कॅथलिक वळणाचे. वडील वैद्यकीय संशोधक, आई वकील, आणि सहा भावंडांत त्यांचा क्रमांक तिसरा. हार्वर्ड विद्यापीठातून त्यांनी १९८५ मध्ये इतिहास आणि साहित्य या विषयांत पदवी घेतली. पदवीसाठीचा त्यांचा प्रबंध विल्यम फॉकनर आणि फ्लॅनरी ओकॉनर यांच्या लेखनातील अकाली वार्धक्य आलेल्या बालकांच्या प्रतिमेविषयी होता. पुढे या प्रबंधाची थट्टा त्यांनी स्वतःच वारंवार केली. तथापि प्राध्यापकवर्गाने त्या थट्टेवर फार विसंबू नये. पोरवयातच म्हातारा झालेला आणि म्हातारपणीही पोर राहिलेला, उंचेल्या, लाल केसांचा, अवघडलेला जो ‘कॉनन’ पुढे पडद्यावर दिसला, त्याचे बीज या अभ्यासविषयात शोधण्याचा मोह कोणालाही व्हावा.

हार्वर्डमध्ये त्यांचा खरा विद्याभ्यास झाला तो ‘लॅम्पून’ या १८७६ पासून चालत आलेल्या विनोदी नियतकालिकात. त्याचे ते दोन वर्षे अध्यक्ष होते. तेथून लॉस एंजेलिसला जाऊन ग्रेग डॅनियल्स या वर्गमित्रासह त्यांनी एचबीओ वाहिनीच्या ‘नॉट नेसेसरिली द न्यूज’ या उपहासात्मक वृत्तकार्यक्रमासाठी लेखन केले. त्यानंतर फॉक्स वाहिनीचा ‘विल्टन नॉर्थ रिपोर्ट’ हा कार्यक्रम आला आणि काही आठवड्यांतच, जानेवारी १९८८ मध्ये, गुंडाळला गेला. याच काळात ते ‘ग्राउंडलिंग्ज’ या उत्स्फूर्त अभिनयाच्या मंडळीत शिकत होते, हे लक्षात घेतले पाहिजे. लेखनाची नोकरी आणि अभिनयाची ओढ हे दोन्ही प्रवाह आरंभापासून शेजारी शेजारी वाहत होते.

१९८८ मध्ये ते ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या साप्ताहिक कार्यक्रमाच्या लेखकवर्गात दाखल झाले. तेथील रीत अशी की मंगळवारची रात्र जागून प्रहसने लिहावयाची, बुधवारी ती सर्वांसमोर वाचावयाची आणि शनिवारी थेट प्रक्षेपण. रुजू होऊन फार दिवस झाले नाहीत तोच ७ मार्च १९८८ रोजी अमेरिकेतील लेखक संघाने संप पुकारला; तो ७ ऑगस्टपर्यंत चालला. काम बंद, वेतन बंद. त्या उन्हाळ्यात ओब्रायन, रॉबर्ट स्मायगल आणि बॉब ओडेनकर्क या तिघा लेखकांनी शिकागो येथे ‘हॅपी हॅपी गुड शो’ या नावाने आपलीच प्रहसने स्वतः रंगमंचावर सादर केली. संपामुळे लेखकाला लिहिण्यास मज्जाव झाला आणि त्यामुळेच तो मंचावर चढला, हा योगायोग त्यांच्या चरित्रात एकदाच घडलेला नाही. १९८९ मध्ये ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’च्या लेखकवर्गाला एमी पारितोषिक मिळाले, त्यात त्यांचा वाटा होता. १९९१ मध्ये थकून त्यांनी ते काम सोडले. त्याच वर्षी स्मायगल यांच्यासह लिहिलेली ‘लुकवेल’ ही मालिका एका नमुना भागापलीकडे गेली नाही. निवृत्त अभिनेता स्वतःला खरोखरच गुप्तहेर समजतो, ही तिची कल्पना आजही ताजी वाटते.

यानंतरची दोन वर्षे त्यांनी ‘द सिम्पसन्स’ या व्यंगचित्रमालिकेसाठी लेखन केले. १४ जानेवारी १९९३ रोजी प्रसारित झालेला ‘मार्ज व्हर्सेस द मोनोरेल’ हा भाग त्यांच्या नावावर आहे. गावाच्या तिजोरीत अचानक मोठी रक्कम येते, एक गोडबोल्या ठक येतो, गाणे म्हणतो आणि गावकऱ्यांच्या गळ्यात निरुपयोगी मोनोरेल मारतो, एवढेच कथानक. ‘द म्युझिक मॅन’ या १९५७ च्या संगीतिकेचा सांगाडा घेऊन केलेली ही रचना. व्यंगचित्रमालिकेचा विनोद तोवर प्रामुख्याने कौटुंबिक होता. ओब्रायन यांनी तो संपूर्ण गावाच्या सामुदायिक मूर्खपणापर्यंत नेला. स्वभावरेखेपेक्षा कल्पनेच्या उड्डाणावर भर देण्याची त्यांची वृत्ती येथे स्पष्ट दिसते, आणि तिच्यातील गुणाबरोबर दोषही दिसतो : माणसे कल्पनेच्या दावणीला बांधली जातात.

बारा पस्तीसची वेळ

कार्सन निवृत्त झाल्यावर ‘टुनाइट’ची गादी जे लेनो यांना मिळाली. १९८२ पासून ‘लेट नाइट’ गाजविणारे डेव्हिड लेटरमन नाराज होऊन १९९३ मध्ये सीबीएसकडे गेले. जाताना एक विलक्षण वाद झाला. लेटरमन यांच्या कार्यक्रमात रूढ झालेल्या गमती, पात्रांची नावे, सदरांची शीर्षके ही आपली बौद्धिक संपदा आहे, असे एनबीसीने बजावले. दहा मुद्द्यांची प्रसिद्ध यादी लेटरमन यांनी नव्या वाहिनीवर नाव किंचित बदलून चालू ठेवली; पण ‘लॅरी बड मेलमन’ हे पात्र करणाऱ्या वृद्ध नटाला तेथे आपल्या खऱ्या नावाने उभे राहावे लागले. विनोदकार गेला तरी त्याचा विनोद घरमालकाकडे राहतो, असा हा दंडक होता.

रिकाम्या झालेल्या ‘लेट नाइट’ची जबाबदारी निर्माते लॉर्न मायकल्स यांच्याकडे आली. त्यांनी ओब्रायन यांच्याकडे प्रथम पाहिले ते लेखक-निर्माता म्हणून. ओब्रायन यांना मात्र समोर उभे राहावयाचे होते. १३ एप्रिल १९९३ रोजी ‘टुनाइट’च्या मंचावर त्यांची चाचणी झाली आणि २६ एप्रिलला त्यांचे नाव जाहीर झाले. तीस वर्षांचा हा लेखक सामान्य प्रेक्षकाला सर्वस्वी अपरिचित होता. प्रहसनांच्या गर्दीत क्षणभर दिसणे वगळता पडद्यावरचा अनुभव जवळजवळ नव्हताच.

पहिला कार्यक्रम १३ सप्टेंबर १९९३ रोजी झाला. त्याची सुरुवात सविस्तर पाहण्याजोगी आहे. ओब्रायन आनंदाने शीळ घालीत न्यूयॉर्कच्या रस्त्याने कामावर निघाले आहेत. जो भेटतो तो हसून बजावतो की आता लेटरमनच्या तोडीचे काम झाले पाहिजे. ते सर्वांना हसून उत्तर देत आपल्या खोलीत पोहोचतात, तशीच शीळ घालीत छताला दोर बांधतात आणि गळफास अडकविणार तोच मंचावर येण्याची हाक येते. ते हाकेला ओ देऊन निघतात. सूत्रधाराची ओळख करून देण्याची ही पद्धत अपूर्व होती. प्रेक्षकाच्या मनात जो आक्षेप आहे तो त्याने उच्चारण्यापूर्वीच लेखकाने संहितेत ओढून घेतला. हा माणूस येथे का, हाच कार्यक्रमाचा पहिला विनोद झाला. आत्मोपहास हा अनेक विनोदकारांचा स्वभाव असतो. ओब्रायन यांच्याकडे तो स्वभाव असेलही, परंतु त्याहून अधिक ती एक रचना होती. नवख्या नटाची उणीव झाकण्यासाठी लेखकाने योजिलेली ती युक्ती होती, आणि ती इतकी उपयोगी ठरली की पुढे तीच त्यांची मुद्रा बनली.

तत्काळ यश मात्र लाभले नाही. ‘वॉशिंग्टन पोस्ट’चे टीकाकार टॉम शेल्स यांनी त्यांच्यावर कठोर प्रहार केले, काही वर्षांनी त्यांनीच आपले मत बदलले. वाहिनी तेरा तेरा आठवड्यांचीच मुदतवाढ देत असे. अशा स्थितीत फेब्रुवारी १९९४ मध्ये प्रतिस्पर्धी वाहिनीवर गेलेले लेटरमन स्वतः पाहुणे म्हणून आले. व्यवसायबंधूने केलेली ही पाठराखण ओब्रायन कधी विसरले नाहीत.

कार्यक्रम टिकला तो लेखकांच्या जोरावर. प्रमुख लेखक म्हणून स्मायगल होते. सहनिवेदक अँडी रिक्टर हेही मुळात लेखक म्हणून घेतलेले. ते २००० पर्यंत शेजारी बसले. वाद्यवृंद मॅक्स वाइनबर्ग यांचा. या मंडळींनी दिवसाच्या बातम्यांवर कोटी करण्यापेक्षा शुद्ध वेडगळ कल्पनेला प्राधान्य दिले. राष्ट्राध्यक्षांचे स्थिर छायाचित्र पडद्यावर आणावयाचे, त्यातील ओठांच्या जागी जिवंत माणसाचे हलणारे ओठ बसवावयाचे आणि त्या चित्राची मुलाखत घ्यावयाची, ही युक्ती ‘क्लच कार्गो’ या जुन्या स्वस्त व्यंगचित्रमालिकेवरून उचललेली होती. तिचा स्वस्तपणा लपविला जात नसे. तो मिरविला जात असे. १९९७ मध्ये कुत्र्यांच्या प्रदर्शनाच्या निमित्ताने ‘ट्रायम्फ’ हा अपमान करणारा बाहुलारूपी कुत्रा अवतरला. २००३ मध्ये एका जुन्या भागाचे सर्व दृश्य मातीच्या बाहुल्यांनी पुन्हा रचून तो प्रसारित करण्यात आला. २००४ मधील एका फेरफटक्यात ओब्रायन लाँग आयलंडवरील ओल्ड बेथपेज येथे गेले. तेथे हौशी मंडळी १८६४ च्या वेषात आणि १८६४ च्या नियमांनी बेसबॉल खेळतात. त्यांच्यात मिसळून, त्यांच्याच काळाची भाषा बोलत त्यांनी जो गोंधळ घातला, तो पाहताना इतिहासाचा विद्यार्थी आणि उत्स्फूर्त नट हे एकाच देहात कसे नांदतात ते कळते. थट्टा आहे, पण त्या हौशी लोकांचा अपमान नाही. हसे शेवटी ओब्रायन यांचेच होते.

याच वर्षी एनबीसी आणि युनिव्हर्सल या संस्थांचे विलीनीकरण झाले. त्यामुळे ‘वॉकर, टेक्सास रेंजर’ या मालिकेची दृश्ये विनासायास वापरता येऊ लागली. ओब्रायन यांनी मेजाजवळ एक मोठा दांडा बसवून घेतला. तो ओढला की त्या मालिकेतील एखादे हास्यास्पद गंभीर दृश्य पडद्यावर येई. एवढ्या प्रचंड आर्थिक व्यवहारातून विनोदकाराच्या पदरात पडले ते हे. आणि हे तो प्रेक्षकांना उघडपणे सांगत होता. मालकाच्या घरात राहून मालकाच्या घराविषयी विनोद करण्याची ही कला लेटरमन यांची, ओब्रायन यांनी ती पुढे चालविली.

फिनलंडचे प्रकरणही विसरण्याजोगे नाही. तेथील राष्ट्राध्यक्ष तार्या हालोनेन यांच्या चेहऱ्याशी आपले साम्य आहे, असा विनोद त्यांनी महिनोन्‌महिने ताणला, त्यांच्या बाजूने लटका प्रचार केला आणि जानेवारी २००६ मध्ये हालोनेन पुन्हा निवडून आल्यावर फेब्रुवारीत फिनलंडला जाऊन त्यांची प्रत्यक्ष भेट घेतली. कोटीचा शब्द खरा करून दाखविण्यासाठी समुद्र ओलांडणे हा विनोदाचा एक वेगळाच प्रकार म्हणावा लागेल.

लेखकांविना लेखकाचा कार्यक्रम

२००७ मध्ये ‘लेट नाइट’ला लेखनाचे एमी पारितोषिक मिळाले आणि त्याच वर्षी ५ नोव्हेंबरपासून लेखक संघाचा नवा संप सुरू झाला. आंतरजालावरील प्रसारणाचा मोबदला हा वादाचा मुख्य मुद्दा होता. मध्यरात्रीचे कार्यक्रम तत्काळ थांबले. लेखक संपावर होते. पण ध्वनितंत्रज्ञ, कार्यालयीन कर्मचारी, साहाय्यक अशा लेखक नसलेल्या अनेकांची नोकरी धोक्यात आली. ओब्रायन यांनी त्यांचे वेतन काही काळ स्वतःच्या खिशातून दिले. लेटरमन यांची निर्मितीसंस्था स्वतंत्र असल्याने तिने संघाशी वेगळा करार केला आणि आपले लेखक परत आणले. ओब्रायन यांना तो मार्ग नव्हता, कारण कार्यक्रमाची मालकी वाहिनीकडे होती. २ जानेवारी २००८ पासून ते लेखकांविना मंचावर परतले.

येथे एक नाजूक पेच होता. ते स्वतः संघाचे सदस्य, म्हणून लिहिलेला विनोद त्यांनी करावयाचा नाही. ही मर्यादा सूत्रधारास किती लागू होते, याबद्दल मतभेद होते. लेनो यांनी आपला मोनोलॉग स्वतः लिहिला आणि संघाशी त्यांचा खटका उडाला. ओब्रायन यांनी संपाच्या समर्थनार्थ दाढी वाढविली होती. ते मेजावर आपली लग्नाची अंगठी भोवऱ्यासारखी फिरवीत, ती किती सेकंद फिरते हे मोजीत, आणि दुसऱ्या दिवशी तो विक्रम मोडण्याचा प्रयत्न करीत. लाखो प्रेक्षकांसमोर एक प्रौढ माणूस अंगठी फिरवीत बसला आहे, हे दृश्य संपाच्या बाजूचे कोणत्याही पत्रकाहून प्रभावी समर्थन होते. लेखक नसले म्हणजे या भव्य मंचावर काय उरते, ते त्याने उघडे करून दाखविले. आणि तरीही ते पाहवत होते, हा त्यातील विरोधाभास. शिकागोचा उन्हाळा येथे उपयोगी पडला असावा. १२ फेब्रुवारी २००८ रोजी संप मिटला.

बारा वाजून पाच मिनिटे

सप्टेंबर २००४ मध्येच एनबीसीने जाहीर केले होते की २००९ मध्ये ‘टुनाइट’ ओब्रायन यांच्याकडे येईल. त्याप्रमाणे २० फेब्रुवारी २००९ रोजी ‘लेट नाइट’चा निरोप घेऊन, सहकारी आणि त्यांची कुटुंबे यांच्यासह न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला बिऱ्हाड हलवून, त्यांनी १ जून २००९ रोजी ती गादी स्वीकारली. परंतु वाहिनीने लेनो यांनाही सोडले नाही. १४ सप्टेंबरपासून रोज रात्री दहाला लेनो यांचा कार्यक्रम सुरू झाला. नाट्यमालिकेपेक्षा असा कार्यक्रम पुष्कळ स्वस्त पडतो, हा हिशोब त्यामागे होता. हिशोब चुकला. दहाचा प्रेक्षक घटला, म्हणून अकराच्या स्थानिक बातम्यांचा प्रेक्षक घटला. स्थानिक केंद्रांचे उत्पन्न त्या बातम्यांवर अवलंबून असल्याने त्यांनी आरडाओरड केली. ओब्रायन यांची प्रेक्षकसंख्याही लेटरमन यांच्यापेक्षा मागे पडली होती. त्याला बातम्यांची घसरण किती कारण आणि त्यांची विक्षिप्त शैली किती कारण, हे सांगणे अवघड आहे. शैलीचा वाटा अगदीच नव्हता, असे त्यांच्या चाहत्यांनीही म्हणू नये.

जानेवारी २०१० मध्ये वाहिनीने तोडगा काढला : लेनो अकरा पस्तीसला अर्धा तास, ‘टुनाइट’ बारा पाचला. ओब्रायन यांच्या करारात ‘टुनाइट’ची हमी होती, वेळेची नव्हती, असे पुढे प्रसिद्ध झाले. १२ जानेवारीला त्यांनी पृथ्वीवासीयांना उद्देशून एक निवेदन काढले. ‘टुनाइट’ दुसऱ्या दिवसात ढकलणे म्हणजे त्या परंपरेचा नाश, आणि त्या नाशात आपण सहभागी होणार नाही, असा त्याचा आशय होता. आपल्यामागून येणारा ‘लेट नाइट’ही आणखी उशिरा जाईल, याचीही त्यात जाणीव होती. शेवटी स्वतःच्या केसांबद्दल क्षमायाचना होती. हे निवेदन लेखक म्हणून त्यांच्या उत्तम लेखनापैकी एक मानावे लागेल. तक्रार आहे, पण रड नाही. विनोद आहे, पण त्याने मुद्दा बोथट होत नाही.

उरलेल्या दिवसांत त्यांनी मालकीच्या प्रश्नावरच प्रहसने केली. एक अतिमहाग बुगाटी मोटार उंदरासारखी सजवून मंचावर आणली, तिच्यासाठी रोलिंग स्टोन्सच्या गाजलेल्या गीताचे मूळ ध्वनिमुद्रण वाजविले आणि या निरर्थक गमतीचा खर्च वाहिनीला पंधरा लाख डॉलर पडला, असे जाहीर केले. मोटार वस्तुतः संग्रहालयाकडून उसनी आणलेली होती आणि आकडा विनोदाचा भाग होता. तरीही त्यातील संताप खरा होता. २२ जानेवारी २०१० रोजी अखेरचा कार्यक्रम झाला. समझोत्याची रक्कम सुमारे साडेचार कोटी डॉलर होती. त्यातील सुमारे एक कोटी वीस लाख त्यांच्या सहकाऱ्यांसाठी होते. निरोपाच्या भाषणात त्यांनी एनबीसीचे आभार मानले आणि तरुण प्रेक्षकांना तुच्छतावादी होऊ नका, अशी विनंती केली.

कोट्यधीश माणसाच्या दुःखाचे एवढे कौतुक कशासाठी, असा प्रश्न येथे कोणी विचारील, आणि तो रास्त आहे. त्या वर्षी अमेरिकेत लक्षावधी लोक बेकार होते. परंतु अनेक सामान्य प्रेक्षक भर पावसात त्यांच्या बाजूने रस्त्यावर आले ते बहुधा याच कारणाने : शब्द दिला, काम सोपविले, सात महिन्यांत ते काढून घेतले, ही गोष्ट त्यांना आपल्या कार्यालयातून परिचित होती.

समझोत्यानुसार सप्टेंबरपर्यंत त्यांना दूरचित्रवाणीवर नवा कार्यक्रम करण्यास मनाई होती. पुन्हा एकदा लेखणी आणि पडदा दोन्ही बंद. पुन्हा एकदा ते रंगमंचावर गेले. ‘दूरचित्रवाणीवर विनोदी असण्यास कायद्याने बंदी’ अशा आशयाच्या नावाखाली एप्रिल ते जून २०१० या काळात त्यांनी देशभर दौरा केला. या दौऱ्यावरील २०११ च्या माहितीपटात दिसणारे ओब्रायन मुळीच गोड नाहीत. दमलेले, चिडके, सहकाऱ्यांना टोचून बोलणारे आणि तरीही एक मिनिट गप्प बसू न शकणारे असे ते आहेत. त्यांच्या विनोदाच्या अभ्यासकाने तो माहितीपट अवश्य पाहावा.

१२ जून २०११ रोजी डार्टमथ महाविद्यालयाच्या पदवीदान समारंभात त्यांनी या अपयशाला एक तात्त्विक बैठक दिली. प्रत्येक विनोदकार आपल्या पूर्वसूरीसारखा होऊ पाहतो, त्यात अपयशी होतो आणि त्या अपयशातूनच स्वतःसारखा होतो, अशी ती मांडणी. कार्सन यांना जॅक बेनी व्हावयाचे होते, लेटरमन यांना कार्सन. परंपरेचा हा विचार साहित्याच्या प्राध्यापकाला नवा वाटणार नाही. पण तो मध्यरात्रीच्या विनोदाला लावून पाहणे उद्बोधक आहे.

खोलीत कोण नव्हते

लेखकांच्या या खोलीचे गुणगान करताना तिची दारे कोणासाठी उघडी होती, हेही विचारले पाहिजे. ऑक्टोबर २००९ मध्ये लेखिका नेल स्कोव्हेल यांनी ‘व्हॅनिटी फेअर’मध्ये दाखवून दिले की लेटरमन, लेनो आणि ओब्रायन या तिघांच्या कार्यक्रमांत मिळून सुमारे पन्नास विनोदलेखकांमध्ये त्या वेळी एकही स्त्री नव्हती. स्कोव्हेल यांनी स्वतः लेटरमन यांच्याकडे लेखन केलेले होते. ‘लॅम्पून’पासून ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ आणि ‘सिम्पसन्स’पर्यंतची वाट ही पुष्कळशी हार्वर्डच्या मित्रमंडळीची वाट होती, ओब्रायन स्वतः त्याच वाटेने आले. जो विनोद प्रस्थापिताची टर उडवितो तो एका अरुंद वर्तुळातून येतो, ही विसंगती आत्मोपहासाने मिटत नाही. शुद्ध कल्पनेचा विनोद स्वतःला सामाजिक प्रश्नांपासून मुक्त समजतो. पण कोणाच्या कल्पनेला वेडगळ होण्याची मुभा मिळते, हा प्रश्न सामाजिकच आहे. ओब्रायन यांच्या चाहत्यांनी लिहिलेल्या गौरवपर मजकुरात या बाजूची चर्चा अभावानेच आढळते.

वाहिनीबाहेर

८ नोव्हेंबर २०१० रोजी टीबीएस या केबल वाहिनीवर ‘कॉनन’ सुरू झाला आणि २४ जून २०२१ पर्यंत चालला. मेजामागचे काम या काळात उत्तरोत्तर सवयीचे झाले, असे स्पष्टच म्हटले पाहिजे. जिवंतपणा आला तो बाहेरच्या फेरफटक्यांतून. २०१५ मध्ये ते क्यूबाला गेले, पुढे आर्मेनिया, दक्षिण कोरिया, हैती. परक्या देशात परक्या माणसाला हसण्याऐवजी स्वतः हास्यास्पद होण्याची जुनी रीत येथे फार कामी आली. हैतीची भेट जानेवारी २०१८ मधली. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी त्या देशाविषयी काढलेल्या अनुदार उद्गारांनंतर ते मुद्दाम तेथे गेले. २०१९ मध्ये कार्यक्रम अर्ध्या तासाचा झाला, मेज आणि वाद्यवृंद गेले. २०२० च्या महामारीत आधी घरातून आणि मग लार्गो नावाच्या रिकाम्या नाट्यगृहातून तो चालला.

नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू केलेली ध्वनिमालिका दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमाहून अधिक ऐकली जाऊ लागली, तेव्हा मालकीच्या प्रश्नाला निराळे वळण लागले. ती ‘टीम कोको’ या त्यांच्या स्वतःच्या संस्थेची होती. मे २०२२ मध्ये ही संस्था सिरियस एक्सएमने विकत घेतली. विकण्याजोगे काही आपले असणे, हे या व्यवसायातील लेखकाच्या वाट्याला क्वचितच येते. २०२४ मध्ये प्रवासमालिका, २ मार्च २०२५ रोजी ऑस्कर समारंभाचे सूत्रसंचालन आणि त्याच महिन्यात मार्क ट्वेन पारितोषिक, हे त्यानंतरचे टप्पे. मधल्या काळात २०२३ चा लेखक संप होऊन गेला, आणि जुलै २०२५ मध्ये सीबीएसने आपला ‘लेट शो’ मे २०२६ मध्ये कायमचा बंद करण्याचा निर्णय जाहीर केला.

‘लेट नाइट’च्या साडेपंधरा वर्षांच्या चित्रफिती मात्र एनबीसीच्याच राहिल्या. पंचविसाव्या वर्षाच्या निमित्ताने ओब्रायन यांनी वाहिनीशी नव्याने समझोता केला आणि जानेवारी २०१९ पासून जुने फेरफटके ‘टीम कोको’च्या संकेतस्थळावर पुन्हा दाखविण्यास सुरुवात झाली. ओल्ड बेथपेजचा १८६४ चा बेसबॉल सामना त्यामुळे आज कोणालाही पाहता येतो.